सोबत कोण येणार?

५ मार्च

चि. पिटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा होऊन गेला. रागावू नकोस. फोन करावा म्हटलं तर तू रात्रपाळी करून दिवसा झोपलेली असतेस. आणि मी फोनवर बोलायला लागले की यांना वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय. मग हाताशी असेल ते भांडं आपटतात. त्यापेक्षा पत्र बरं. शिलाई मशीनवर कागद ठेवला की दोन पॅन्टींच्या मधल्या वेळात चार ओळी होतात.

यांचं आहे तसंच आहे. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. कळतं मात्र सगळं, आणि कधीकधी तेच जड जातं. बंदरावर उभी हयात क्रेन चालवली, टनांनी माल इकडचा तिकडे केला. आता त्यांनाच पलंगावरून खुर्चीत ठेवायला मी एकटी. आजारपणात माणूस वाळतो म्हणतात. हे काही वाळले नाहीत.

त्या उचलाउचलीतूनच एक नवं लचांड लागलंय. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा आलाय. जोर केला की बाहेर येतो, आडवी झाले की आत जातो. सर्जनना दाखवलं. ते म्हणाले हर्निया आहे, छोटंसं ऑपरेशन, आत जाळी शिवून टाकू. मी म्हटलं, शिवणारच असाल तर माप नीट घ्या, नाहीतर माझ्याकडेच दुरुस्तीला यायचं. ते हसले नाहीत. दमलेले दिसत होते.

भूल मात्र पूर्ण देणार आहेत. आता तू सांग, कारण भुलीतून उठणारी माणसं सांभाळणं हेच तुझं रोजचं काम. माणूस झोपेत काय वाटेल ते बरळतो, हे खरं का? आमच्या दुकानाचे मालक सांगत होते की त्यांच्या साडूनं भुलीत सगळ्या सासरचा उद्धार केला. आणि उठतात ना गं सगळे?

सर्जन म्हणाले, तासभर तुम्हाला काहीही कळणार नाही. दुसरं कुणी घाबरलं असतं. मला, खरं सांगते, ऐकून बरं वाटलं. एक तास कुणी हाक मारणार नाही.

निघताना तिथल्या मुलीनं विचारलं, सोबत कोण येणार? जाणतं माणूस हवं, आणि दुसऱ्या दिवशीही घरी जवळ थांबणारं हवं. मी म्हटलं, येईल कुणीतरी. तिनं कागदावर तेच लिहून घेतलं.

लोभ आहेच. सवड मिळेल तसा वाढवत राहा.
तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाळी संपवून आत्ता खोलीवर आलेय. पाय बादलीत बुडवून लिहितेय, म्हणून अक्षर असं. आमच्याकडच्या दोन नर्स सोडून गेल्या, त्यांच्या वाटणीचंही आम्हीच करतोय.

आधी तुझ्या मालकांच्या साडूचं. भुलीत कुणी बोलत नाही, बोलताच येत नाही. उठताना गुंगीत एखादा काहीबाही पुटपुटतो, पण ते कुणाला नीट कळतही नाही. साडूला सासरचा उद्धार करायचाच होता, भुलीचं निमित्त मिळालं.

आता नीट वाच. आधी भुलीच्या डॉक्टर तुला तपासतील आणि शंभर प्रश्न विचारतील. रक्तदाबाची गोळी, कशाचं पित्त उठतं, हलणारा दात, घरात कुणाला पूर्वी भुलीचा त्रास झाला का, सगळं सांगायचं. आपल्या नेहमीच्या सवयीनं काही नाही हो, ठीक आहे, असं म्हणायचं नाही. आदल्या रात्रीनंतर पोटात अन्नाचा कण जाता कामा नये. पाणी कधीपर्यंत चालेल ते त्या सांगतील. हा नियम उगाच नाही. झोपेत पोटातलं वर येऊन छातीत उतरलं तर जिवावर बेततं.

मग थंडगार खोली, वर मोठे दिवे. हाताच्या पाठीवर सुई टोचतील, बोटाला चिमटा लावतील, तोंडावर मुखवटा धरून श्वास घ्यायला सांगतील. औषध शिरताना हात थोडा चुरचुरतो. नंतरचं तुला सांगता येणार नाही आणि मलाही नाही, कारण तिथं कुणाच्या आठवणीच नसतात. पण भुलीच्या डॉक्टर टोचून निघून जात नाहीत. पूर्ण वेळ उशाशी बसून तुझा श्वास, नाडी, दाब बघत असतात. झोपलीस की घशात नळी घालतील, म्हणून नंतर दोन दिवस घसा खवखवेल. उठताना कुडकुडायला होईल, मळमळेल. बहुतेक जण पहिलं विचारतात, ऑपरेशन कधी सुरू करणार? आणि हो, उठतात. मी हाक मारते आणि उठतात. इतकी वर्षं हेच करतेय.

सोबतीचा नियमही उगाच नाही. एक दिवसभर डोकं थाऱ्यावर नसतं. शेगडीपाशी जायचं नाही, सही करायची नाही, एकटं राहायचं नाही. आणि दीड महिना वजन उचलायचं नाही. ताई, दाजींना कोण उचलणार? मला रजा मिळायची चिन्हं नाहीत. मास्तरांना विचारलंस का? दाजींचे सख्खे भाऊ आहेत, दोन तासांच्या अंतरावर राहतात.

कुणी हाक मारणार नाही म्हणून बरं वाटलं, असं लिहिलंयस. ते वाक्य मला आवडलं नाही. आवडलं नाही म्हणजे, कळलं, म्हणून आवडलं नाही.

पत्राची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी पिटू


२० मार्च

चि. पिटूस,
अनेक आशीर्वाद.

भुलीच्या डॉक्टरांना भेटून आले. तरुण पोर आहे, डोळ्यांखाली काळं. घोडा विकत घेताना बघतात तसं माझं तोंड उघडून बघितलं, मान वरखाली करायला लावली. घोरता का, म्हणाली. मी म्हटलं, ऐकणारा सांगू शकत नाही. हलणारा दात दाखवला. बाबांना अपेंडिक्सच्या वेळी दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, तेही आठवून सांगितलं. बघ, तुझं ऐकते मी. झोपेची गोळी घेता का, विचारलं. मी म्हटलं, गोळी घ्यायला आधी झोपायची परवानगी तर हवी. यावर मात्र ती हसली.

मास्तरांना विचारलं. त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेत सध्या परीक्षांची गर्दी आहे, एकेका गाडीवर पाच-पाच शिकाऊ. शिवाय त्यांचं म्हणणं, दादाला माझ्या हातचं काही चालत नाही, मी आलो की तो चिडतो. नवऱ्याला वर्षानुवर्षं माझ्याच हातचं चालतं, ही माझीच चूक म्हणायची. काळजी घ्या, काही लागलं तर कळवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दुपारपर्यंत यांच्यापाशी बसतील. पुढचं मी बघीन. एक दिवसाचा तर प्रश्न, एवढा बाऊ कशाला? हॉस्पिटलात सांगेन की बहीण संध्याकाळच्या गाडीनं येतेय. तुला विचारल्याशिवाय तुला बोलावून मोकळी झाले.

पुढच्या बुधवारी नेमलंय. नखं कापलीत, बांगड्या उतरवून ठेवल्यात. हात उगाच दुसऱ्याचे वाटतात.

लोभ राहू दे, आणि एवढ्यात उपदेश नको.
तुझी ताई


२७ मार्च

चि. पिटूस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं नाही. मी ठीक आहे, आधी ते वाच.

सगळं तू लिहिलंस तसं केलं. रात्रीनंतर काही खाल्लं नाही. पहाटे गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली. यांना पुसून, कपडे बदलून, उशा लावून बसवलं आणि दूधभाताची पेज भरवायला घेतली. रोज पहिला चमचा मी माझ्या जिभेला लावते. यांना गरम-गार सांगता येत नाही, एकदा तोंड भाजलं होतं. हात आपला आपण तोंडाकडे गेला आणि मी चमचा गिळून मोकळी झाले. गिळल्यावर कळलं.

एका चमच्यानं काय होतंय, असं मनाला समजावत गेले. पण हॉस्पिटलचा सदरा घालून पडल्यावर त्या भुलीच्या डॉक्टर पोरीनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का? आणि मला छातीत उतरतं हे तुझं वाक्य आठवलं. सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली की सांगितलंत हे फार बरं केलंत, पण आज मी तुम्हाला झोपवणार नाही, आणि दुपारची यादी भरलेली आहे. मग हळूच विचारलं की तुमची बहीण नक्की कुठल्या गाडीनं येणार आहे. मला गाडीचं नावही सांगता येईना. ती म्हणाली, पुढच्या वेळी सोबतीचं माणूस समोर दिसलं तरच.

परत कपडे घातले. पिशवी घेऊन बसस्टॉपवर बसले. दोन बस सोडल्या. बसायला जागा नव्हती असं नाही, उठावंसंच वाटेना.

घरी आल्यावर यांना खुर्चीतून पलंगावर घेताना फुगवटा बाहेर आला तो लवकर आत जाईना. दगडासारखा कडक. घाम फुटला. बऱ्याच वेळानं आपोआप गेला. आता बरं आहे.

मी ठरवलंय, राहू दे ते ऑपरेशन. एक पट्टा मिळतो तो बांधीन. मला पुन्हा सगळी जमवाजमव करायचं त्राण नाही. भांडू नकोस.

तुझी ताई


१ एप्रिल

श्री. मास्तर यांस,
स. न. वि. वि.

मी तुमच्या वहिनीची धाकटी बहीण. आपली भेट लग्नकार्यातलीच, त्यामुळे हे पत्र आगाऊपणाचं वाटेल. वाटू दे.

ताईचं ऑपरेशन तिनं दाजींना भरवताना एक चमचा पेज चाखली म्हणून रद्द झालं, हे तुमच्या कानावर आलं असेल. त्याच संध्याकाळी काय झालं ते आलं नसेल. दाजींना उचलताना तिचा हर्निया बाहेर आला आणि अडकून बसला. तो आत गेला हे नशीब. नसता गेला तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता. मग तारीख नेमून, उपाशीपोटी, सावकाश भूल देण्याची चैन राहत नाही. माझ्यासमोर तशी माणसं येतात. सगळीच माझ्या हाकेला उठतात असं मी ताईला लिहिलंय. तुम्हाला तसं लिहिणार नाही.

मेट्रनशी भांडून मी आठवड्याची रजा घेतलीय. १४ एप्रिलला ताईच्या सोबतीला हॉस्पिटलात मी असेन. दाजींपाशी तुम्ही असायला हवं, आदल्या संध्याकाळपासून. सकाळची पेज तुम्ही भरवायची. तुमच्या हातचं ते खात नाहीत, हे मला ठाऊक आहे. एक वेळ उपाशी राहतील. ताई रोज काय खाते, हे तरी कुणी बघितलंय?

तुम्ही शिकाऊंच्या शेजारी बसता तेव्हा तुमच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, असं ऐकलंय. ताईच्या शेजारी कुणी बसलेलं नाही.

येणार का, एवढंच एका ओळीत कळवा. रागावलात तरी चालेल, येताना राग घेऊन या.

आपली नम्र,
पिटू


५ एप्रिल

श्रीमती पिटूताई यांस,
स. न. वि. वि.

येतो. राग आणतोय.

आपला,
मास्तर


८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी १३ला दुपारी पोचते. हॉस्पिटलशी बोलले आहे, त्या तुझ्या भुलीच्या डॉक्टरशीही. तिला मी कुठल्या गाडीनं येतेय ते नावानिशी सांगितलं.

मास्तर येताहेत. कसे, ते विचारू नकोस. तू फक्त एक करायचंस. त्या सकाळी स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. पट्टाबिट्टा विकत घेऊ नकोस, घेतला असशील तर परत कर. भांडू नकोस म्हणालीस, म्हणून भांडत नाही. सरळ येतेय.

रागलोभ समोरासमोर.
पिटू


२ मे

श्रीमती पिटूताई यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही गेल्यावर पत्र लिहीन म्हणालो होतो. आम्हाला लिहायची सवय नाही, फळ्यावर रहदारीच्या खुणा काढायची तेवढी आहे. सांभाळून घ्या.

ऑपरेशनच्या दिवशी घरी काय झालं, ते तुमच्यासमोर नीट सांगता आलं नाही. सकाळी दादानं तोंड घट्ट मिटून घेतलं. चमचा पुढे केला की मान फिरवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. मी गोड बोललो, चढ्या आवाजात बोललो, शेवटी वाटी आपटली. मग माझीच मला लाज वाटली. मी मुद्दाम टाळत होतो असं तुम्हाला वाटतं, ते खोटं नाही. ज्या भावानं मला खांद्यावर बसवून बंदर दाखवलं, त्याला लाळ पुसून घेताना बघवत नाही. वहिनींना बघवत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

भूक मलाही लागली होती. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून माझी वाटी घेऊन खायला बसलो आणि त्याची वाटी त्याच्यापुढे ठेवून चमचा डाव्या हातात दिला. बराच वेळ तो बघत राहिला. मग खाल्लं. अर्धं पोटात, अर्धं अंगावर, पण आपल्या हातानं. हे वहिनींना सांगताना जपून सांगायला हवं होतं. मी बावळटासारखा आल्या आल्या सांगून बसलो. त्या गादीची चादर सारखी करत राहिल्या. पूर्वी खाऊ दिलं असतं, पण सांडलेलं पुसायला वेळ कुठून आणू, असं नंतर म्हणाल्या.

आता दुसरं. रुग्णाला उचलायचं यंत्र भाड्यानं आणलं. लोखंडी हात, खाली झोळी, पंप मारला की माणूस वर. दुकानदारानं दाखवलं तेव्हा सोपं वाटलं. घरी आणल्यावर झोळी एकीकडे, दादा एकीकडे. मी पंप मारायला लागलो तसा दादानं डावा हात वर केला. बोट वर करून गोल फिरवलं. मला वाटलं चिडला. वहिनी म्हणाल्या, अहो, तो इशारा आहे, वर घ्या म्हणताहेत. क्रेनवाल्याला खालचा माणूस देतो तो. मी जोरात पंप मारला तर त्यानं मूठ आवळली, थांब. मग तळहात खाली, हळूहळू खाली. मी चुकलो की अशी नजर! मी इतकी वर्षं शिकाऊंवर ओरडत आलोय, परवा पहिल्यांदा शिकाऊ होऊन बोलणी खाल्ली, तीही एका अक्षराशिवाय.

बुधवार आणि रविवार मी येतोय. बाकीच्या दिवशी सकाळी एक माणूस ठरवलाय. तेवढ्यानं वहिनींचं ओझं उतरलं असं म्हणवत नाही. रविवारी गेलो तेव्हा त्या मशीनवर डोकं टेकून झोपल्या होत्या. उठवलं नाही.

तुमच्या त्या पत्राचा राग मनात आहे. थोडा राहू द्यावा म्हणतो.

आपला,
मास्तर


६ मे

चि. पिटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाके कोरडे झालेत. सर्जन खूश आहेत, म्हणजे त्यांच्या मानानं. जाळी मापात बसली म्हणाले. घसा आठवडाभर खवखवला, तू दोन दिवस म्हणाली होतीस. दमणूक काही गेलेली नाही. ती ऑपरेशनची नव्हतीच, त्यामुळे ऑपरेशननं जाणार तरी कशी? पण सकाळी मास्तरांनी ठरवलेला तो माणूस असला की मी दार लोटून आडवी होते. पहिले काही दिवस नुसतीच छताकडे बघत होते. आता डोळा लागतो.

एक गोष्ट तू इथं होतीस तेव्हा बोलले नाही. समोरासमोर जमलं नसतं.

तू बाहेर बाकावर बसलीस आणि मला आत नेलं. सगळं तू लिहिलं होतंस तसंच, दिवे, थंडी, चिमटा. ती डॉक्टर पोरगी उशाशी होती. काय शिवता, म्हणाली. मी तिला काज कसं करतात ते सांगत होते, आधी टाके घालायचे मग चीर द्यायची की उलटं. हात चुरचुरला. काज अर्धंच राहिलं. तू म्हणाली होतीस तिथं आठवण नसते. खरंच नाही. झोपेतून उठल्यावर आपण झोपलो होतो हे तरी कळतं. इथं तेही नाही.

मग कुणीतरी हाक मारत होतं. तुझ्यासारखीच कुणी नर्स. डोळे उघडा, ऑपरेशन छान झालं, डोळे उघडा. मला ऐकू येत होतं, पिटू. शुद्ध आली होती, कुडकुडत होते, पोटात ठणकत होतं. आणि मी डोळे उघडले नाहीत. गुंगी नव्हती ती. मी ठरवून उघडले नाहीत. वाटलं, उघडले की सुरू. पेज, कपडे, उशा, दुकान. ती पुन्हा हाक मारत होती, गालाला हात लावत होती, आणि मी मनात म्हणत होते की मला नाही यायचं. आत कुठेतरी भीतीही वाटली, की असंच पडून राहिले तर? कुणी हाक मारणार नाही म्हणून बरं वाटलं, हे माझं वाक्य तुला आवडलं नव्हतं ना, तेच झालं होतं हे.

मग तिचा आवाज बदलला. तिला कळलं असेल का, कोण जाणे. तुम्हा लोकांना कळतं का गं? तिनं माझ्या अंगावर आणखी एक पांघरूण टाकलं, नीट खोचलं आणि कानाशी वाकून म्हणाली, पडा निवांत, बाई, काही घाई नाही. मी बसलेय इथं.

काही घाई नाही, असं मला शेवटचं कुणी म्हटलं होतं ते आठवेना. मी आठवत राहिले, आणि आठवता आठवता डोळे आपोआप उघडले. रडू आलं. दुखतंय का, तिनं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. ती खुर्ची ओढून खरंच बसून राहिली.

तुझी पाळी बदलली का? पाय सुजतात म्हणतेस, ते कुणाला तरी दाखव. तुझ्या सोबतीला मी येईन.

लोभ आहे, आणि आता थोडी उसंतही.
तुझी ताई